आई-बाबा, तिकिटं काढली आहेत

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी ‘बघू’ म्हटलं असतं आणि आईने ‘तू जेवलीस का’ विचारून विषय संपवला असता. म्हणून लिहायला बसले आहे. परवा आपल्या सहाही जणांचे व्हिसा आले आणि काल रात्री मी ऑस्ट्रेलियाची तिकिटं काढली. १२ मेला मुंबईहून निघायचं, ४ जूनला परत. काढण्याआधी पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवून दिला. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला आलात, त्या दिवशी परतताना बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, ‘आमच्यापायी तुमचे हाल होतील, तुम्ही चौघं जाऊन या.’ तेच वाक्य पुन्हा ऐकलं असतं तर माझा हात पुढे झाला नसता.

बाबा, आम्ही चौघं जाऊन येऊ शकतो. पण मला तसं जायचं नाही. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टीनंतर तुम्हाला आयसीयूतून बाहेर आणलं त्या रात्री गुंगीत तुम्ही मला मेलबर्नचीच गोष्ट सांगत होतात. तुम्हाला आठवत नसेल. १९८१ साल, कपिलच्या मांडीचा स्नायू दुखावलेला, तरी तो गोलंदाजी टाकतोय आणि १४३ करायला निघालेला ऑस्ट्रेलिया ८३मध्ये गारद. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे. पण त्या रात्री शेवटी तुम्ही विचारलंत, ‘ते मैदान केवढं असेल गं?’ मी ‘झोपा आता’ म्हणाले. ते माझ्या मनातून जात नाही. तुम्ही इतक्या वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नाहीत, आणि तेव्हाही मागितलं नव्हतंत, फक्त विचारलं होतंत.

मला आठवतंय ते १९९२. ब्रिस्बेनची मॅच, पहाटेचा अंधार. तुम्ही डेपोतून रात्रपाळी करून आलेले, तरी मला गोधडीसकट उचलून समोरच्या काकांकडे टीव्हीपुढे नेलंत. तुमच्या शर्टाला डिझेलचा वास होता. आपण एका धावेने हरलो आणि मी हुंदके देऊन रडले, तर तुम्ही घड्याळ दाखवून सांगितलंत की आपण उठायच्या आधी तिथे ऊन चढलेलं असतं, सूर्य त्यांच्याकडून आपल्याकडे येतो. एवढ्या लांबून येतो म्हणून मला त्याची दया आली होती. साडेचार तासांचा तो फरक तिथे गेल्यावर मी मुलांना तुमच्याकडूनच समजावून घेणार आहे.

आणि आई, तुझ्यासाठीही एक कारण आहे. एकवीसच्या पुरात अल्बम गेले. दिल्ली-आग्रा-हरिद्वारच्या प्रवासाचा एकही फोटो आता आपल्याकडे नाही. तू चिखलातून ती काळी पानं एकेक करून सुकत घातली होतीस, आणि मग एक दिवस काही न बोलता बंबात घातलीस. ते फोटो मी परत आणू शकत नाही. पण सहा जणांचा नवा अल्बम करता येईल, आणि तो कागदावर छापून घेईन, मोबाइलमध्ये ठेवणार नाही.

मे महिनाच का, हे बाबा आधी विचारतील. मी खूप विचार केला. दिवाळीच्या सुट्टीत गेलो असतो तर मधल्या वाळवंटात उन्हाळा सुरू होतो, आणि उत्तरेच्या समुद्रात नोव्हेंबरपासून विषारी जेलीफिश येतात. मेमध्ये तिथे शरद ऋतू सरत आलेला असतो. मेलबर्नला दिवसा सतराच्या आसपास, वर केर्न्सला आपल्या डिसेंबरसारखं सुखाचं ऊन. मुलांना सुट्टी आहे. आणि ४ जून म्हणजे मृगाच्या आत आपण चिपळुणात. पाऊस लागल्यावर घर बंद ठेवून तुम्ही एक रात्रही बाहेर राहणार नाही, हे मला ठाऊक आहे, तशी वेळ मी येऊ देणार नाही. वटपौर्णिमाही घरीच होईल, आई. दारचा हापूस १० मेपर्यंत उतरून होतो. मागाहून जो पिकेल तो शेजारच्या काकूंचा. आंबापोळी एक वर्ष थोडी कमी झाली तरी चालेल.

आता मार्ग. बाबा, नकाशा काढून बसा. देश भारताच्या दुपटीहून मोठा आणि माणसं पावणेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात त्यांच्या चौपट माणसं. सगळं बघायचा हट्ट केला तर सगळा वेळ विमानतळांवरच जाईल. म्हणून चारच ठिकाणं धरली: मेलबर्नला सहा रात्री, मधल्या वाळवंटात उलुरूला तीन, केर्न्सला पाच, सिडनीला सहा. मधली उड्डाणं तीन-तीन तासांची, सगळी दिवसाउजेडी. जाताना सिंगापूरला एक रात्र हॉटेलात झोपायचं. दिल्लीहून थेट विमान होतं, पण सलग बारा तासांहून जास्त बसायचं म्हणजे आईच्या गुडघ्यांना आणि तुमच्या पायांना बरं नाही. आपली मुक्कामी गाडी समजा. तुम्हीच म्हणायचात की मुक्काम दिला की ड्रायव्हरही ताजा राहतो आणि गाडीही.

मेलबर्नला दुसऱ्याच दिवशी एमसीजी, म्हणजे तुमचं ते मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. सामना नसेल त्या दिवशी आतून मैदान दाखवतात, तो दिवस बघूनच ठरवलं आहे. तुम्हाला तिथे लागेल तेवढा वेळ बसा, कोणी उठवणार नाही. मग ग्रेट ओशन रोड. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कड्यांच्या कडेने खणून काढलेला रस्ता, लांबी आपल्या चिपळूण-मुंबईएवढी. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे समीरला सवयीचं जाईल. पण मी एका दिवसात सगळा रस्ता करायचा नाही असं त्याला बजावलं आहे. मध्ये एक मुक्काम. आईसाठी फिलिप बेटावर एक संध्याकाळ: वीतभराहून थोडे मोठे, फूटभर उंचीचे पेंग्विन अंधार पडताना समुद्रातून बाहेर येतात आणि रांगेने आपापल्या बिळांकडे चालत जातात. तिन्हीसांजेला गुरं परतावी तसे. आई, ते बघताना तू काहीतरी म्हणशील आणि ते काय असेल ते मला ऐकायचं आहे.

उलुरूबद्दल बाबांनी ‘एक दगड बघायला एवढ्या लांब?’ असं विचारलं होतं. ३४८ मीटर उंचीचा तो एकच खडक आहे, खरं. पण तिथल्या अनंगू लोकांची ती पवित्र जागा. १९८५मध्ये सरकारने ती जमीन त्यांना परत दिली, आणि २०१९पासून वर चढणं कायमचं बंद झालं. काही जागांचे फोटोही काढू नका असं ते सांगतात. आपल्या देवराईतलं वाळलेलं लाकूडसुद्धा आपण घरी नेत नाही, तसंच. म्हणजे तिथे कोणालाच चढायचं नाही. पायथ्याशी सपाट वाट आहे, दोन किलोमीटर जाऊन-येऊन, बसत बसत. पहाटे आणि संध्याकाळी खडकाचा रंग बदलतो तो तर खुर्चीवर बसून बघायचा. तिथे दवाखाना आहे, आणि त्या ओसाड प्रदेशात १९२८पासून डॉक्टर विमानाने रोग्यापर्यंत जातात. तशी वेळ येणार नाही. मी हे शोधलं ते माझ्या झोपेसाठी.

केर्न्सहून कुरांडाची जुनी रेल्वे. १८९१मध्ये सुरू झालेली, पंधरा बोगदे, सगळे हाताने खणलेले, बाजूला जंगल आणि धबधबा. कोकण रेल्वेत पहिल्यांदा बसलो तेव्हा बोगदे मोजता मोजता मी झोपले होते आणि तुम्ही उरलेले मोजून मला आकडा सांगितला होतात. या वेळी आर्या मोजेल. प्रवाळ बघायला बोटीने मी, समीर आणि मुलं जाऊ. तुम्ही दोघं त्या दिवशी आराम करा, बोट फार हलते.

बाबा, एक गोष्ट मात्र मी यादीतून काढली. सिडनी ते पर्थची ती गाडी. तुमच्या वहीत तिचे ४३५२ किलोमीटर लिहिलेले मी पाहिलेत, आणि खाली दोन रेघा मारून ४७८, जिथे रूळ एकदाही वळत नाही. तुम्ही मला तसं कधी बोलला नाहीत. मी गाडीची चौकशी केली, दोनदा केली. तीन रात्री डब्यात, मैलोनमैल वस्ती नाही, आणि काही झालं तर हाताशी काही नाही. डॉक्टर म्हणाले प्रवासाला हरकत नाही, पण मोठ्या रुग्णालयापासून फार दिवस लांब नको. मी ते ऐकलं. तुम्ही रागावलात तर रागवा, पण त्या वहीवर काट मारू नका. ती गाडी मी कायमची काढलेली नाही, पुढे ढकलली आहे.

आता रोजचं. सगळीकडे स्वयंपाकघर असलेली घरं घेतली आहेत, उलुरूचे तीन दिवस सोडून. पहाटे पाचला उठून चहा करायला कोणाला विचारावं लागणार नाही. कुकर मी नेते आहे. डाळ-तांदूळ, पोह्यांची दुकानं सिडनीच्या हॅरिस पार्कात खंडीभर आहेत, मेलबर्नलाही आहेत. कमोड सगळीकडे आहे, आईच्या गुडघ्यांना ते बरं. पण तिथे पाण्याची सोय नसते, कागदच असतो, तेव्हा मी प्लॅस्टिकचा तांब्या बॅगेत टाकला आहे आणि याबद्दल कोणी संकोच करायचा नाही. रोज दुपारी दोन ते चार कुठेही जायचं नाही, झोपायचं. देव न्यायचे तर छोटी अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, हातातल्या पिशवीत. पैशांचं बाबांनी विचारू नये. एफडी मोडलेली नाही, कर्ज काढलेलं नाही, दोन वर्षं बाजूला टाकत होते.

आणि हे नीट वाचा, हे विनंतीवजा नाही. बाबांची रक्त पातळ करायची आणि आईची साखरेची, दोघांची औषधं महिन्याऐवजी दीड महिन्याची घ्यायची, मूळ पाकिटातच ठेवायची, डबीत काढून नाही. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. निम्मी औषधं हातातल्या पिशवीत. आईने साखरेची तपासणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात करायची, ‘मला माहितीये माझी साखर’ हे चालणार नाही. विम्यात मी दोघांचे आजार खरे लिहिले आहेत, कोणी विचारलं तर तुम्हीही खरंच सांगायचं. विमानात घट्ट मोजे आणि दर दीड तासाने उठून चार पावलं. आंबा, लोणचं, खवा, तूप, बिया, फुलं, पानं यांतलं काहीही बॅगेत नको. त्यांच्या विमानतळावर वास घेणारे कुत्रे असतात, आणि फॉर्मवर न लिहिता खाण्याचं काही नेलं तर मोठा दंड होतो. आई, तू नातवंडांसाठी म्हणून तळाशी काही लपवशील, म्हणून तुझी बॅग मी भरणार. निघताना गॅस, मेन स्विच, मागचं दार. किल्ली काकूंकडे, तुळशीला पाणी त्याच घालतील.

एक राहिलं, आणि ते मी पहिल्या पानापासून पुढे ढकलते आहे. विमान कंपनीला सांगून मी प्रत्येक विमानतळावर दोघांसाठी व्हीलचेअर मागितली आहे. बाबा, कागद खाली ठेवू नका. तुम्ही रोज वाशिष्ठीच्या पुलापर्यंत चालत जाता, मला माहीत आहे. नोकरीत कंट्रोल केबिनमधली खुर्ची तुम्ही कधी वापरली नाहीत हेही साऱ्या डेपोला माहीत आहे. पण सिंगापूरला एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालणं, मग तपासणीच्या रांगेत उभं राहणं, यात तुमची सगळी ताकद जाईल, आणि ती मला मैदानासाठी शिल्लक हवी आहे. मेलबर्नच्या त्या पायऱ्या तुम्ही तुमच्या पायांनी चढायच्या आहेत. मी मागे राहीन, हात धरणार नाही. एवढ्यासाठी विमानतळावर बसा. आई बसणार आहेच, तिला एकटीला बसवणार का?

रविवारी सकाळी फोन करते. ‘बघू’ म्हणायचं नाही. दोघांच्या बुटांचा नंबर सांगायचा, माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात. बूट आत्ताच घेऊन महिनाभर घालून फिरायचं, म्हणजे तिथे चावणार नाहीत.

तुमची,
चिमी

ता. क. आई, माळ्यावर होती म्हणून पुरातून वाचलेली निळ्या काठांची गोधडी आणू नकोस असं लिहिणार होते, वजन होतं. पण उलुरूला रात्री पारा दहाच्या खाली जातो. आण.