पत्ता तोच, ५६ एपीओ

चि. दादूस अनेक आशीर्वाद.

परवा तू चिडून फोन ठेवलास, म्हणून लिहिते. स्टँडवरचा फ्लेक्स मीच उतरवायला लावला. पिंट्यानं हौसेनं लावला होता, कळतं मला. पण वर्दीतला फोटो, खाली पलटणीचं नाव आणि वर 'सीमेवर रवाना', तारखेसकट! तात्यांनी तर तो भावकीच्या ग्रुपवरही टाकला. पुढे कुठवर गेला असेल, देव जाणे.

१९९९ ला तुझ्या बाबांच्या पत्रांवर पत्ता एकच असायचा, मार्फत ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. माणूस कुठंही असो, पत्ता तोच. आजी पोस्टमनला खोदून खोदून विचारायची, त्याला तरी काय ठाऊक! एकदा बाबांनी सहज लिहिलं, इथं जर्दाळू पिकलेत. मी शाळेतल्या बाईंना विचारलं, जर्दाळू कुठं होतात? त्या म्हणाल्या, कारगिल-लडाखकडं. त्या रात्री ताईला कुशीत घेऊन जागीच होते. मला कळलं, तर ज्याला कळू नये त्याला कळायला किती वेळ?

आणि तू सकाळी पळतोस त्याचा नकाशा मित्रांना दाखवतोस म्हणे. ताई सांगत होती, २०१८ मध्ये स्ट्राव्हा नावाच्या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर अफगाणिस्तान-सीरियातले अमेरिकेचे तळ उजळून दिसले. जवान व्यायामाला पळायचे, तेवढ्या नोंदीवरून. आपल्या लष्करानंही २०२० मध्ये ८९ ॲपं काढायला लावली, फेसबुकसुद्धा. ओळख ना पाळख अशी कुणी पोरगी गोड बोलायला लागली, सुट्टी कधी, पलटण कुठली विचारायला लागली, तर उत्तर देऊ नकोस. सरळ साहेबांना सांग, लाजू नकोस. फोटोत मागची गाडी, दंडावरचं चिन्ह येऊ देऊ नकोस.

झालं माझं भाषण सुरू. तुला हे तिथं शिकवतातच, मी कोण सांगणार! रागावू नकोस. फ्लेक्स घडी करून बाबांच्या ट्रंकेत ठेवलाय, तुझा फोटो फार छान आलाय त्यात. शेजारच्या काकू विचारत होत्या, पोरगा कुठं असतो? म्हटलं, नोकरीवर.

तिकडं थंडी फार आहे का? नको, ते सांगू नकोस. फक्त जेवतोस का, पाय दुखतो का, एवढं कळव. स्वेटर विणून झालाय. उन्हातान्हात असलास तरी पाठवतेच आहे.

तुझी,
आई