बेसमेंटमध्ये पाणी केव्हा येते, ते आधी नोंदवा

महोदय,

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरते, दिवाळीनंतर त्याच भिंतींना आतून वॉटरप्रूफिंगचे प्लास्टर चढते आणि पुढच्या जुलैत ते फुगून पडते. भिंतीमागे दोन मीटर पाणी उभे असेल तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे दोन टनांचा दाब येतो. तो प्लास्टरला मागून ढकलतो. ते टिकणार कसे? निविदा काढण्याआधी पाणी कुठून येते हे शोधायला हवे.

सर्वांत बोलकी खूण वेळेची. पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात पाणी आले, तर ते बहुधा वरून येते. रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा नसतो, तळाच्या जाळीच्या गटारात पाने-प्लास्टिक अडकलेले असते, किंवा पोडियमचा (बेसमेंटवरच्या मोकळ्या स्लॅबचा) एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे स्लॅबच्या दोन भागांमध्ये मुद्दाम ठेवलेला सांधा, फाटलेला असतो. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले की रॅम्पचा जुना उंचवटा निकामी होतो, इकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

पाऊस उघडून दोन-तीन दिवस झाले तरी झिरपा चालूच असेल, तर ते भूजल समजावे. घोडबंदर रोडला येऊरच्या पायथ्याशी हे विशेष दिसते. कातळ फोडून खड्डा करायचा, भिंत उभी राहिली की मधली फट बांधकामाच्या राडारोड्याने बुजवायची, अशी सवय आहे. कातळातून पाणी सहज निचरत नाही, त्यामुळे ही फट म्हणजे इमारतीभोवतीची विहीर होते. गच्चीचे पावसाळी पाइप त्याच पट्ट्यात सोडलेले असतील तर विहीर आपणच भरतो. ते पाइप थेट गटाराला जोडावेत आणि भिंतीलगतच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. भिंतीला हात लावण्याआधी करायचे हे सर्वांत स्वस्त काम आहे.

नवी मुंबईच्या खाडीलगतच्या भरावावर भरतीचे वेळापत्रक हाताशी हवे. संप पंप (बेसमेंटच्या तळाच्या खड्ड्यात जमलेले पाणी बाहेर फेकणारा पंप) थोडा वेळ बंद ठेवून खड्ड्यातली पातळी तासातासाला लिहावी आणि हे चार-पाच दिवस करावे. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाण्याचा चढही तसाच सरकला, तर संबंध खाडीशी आहे. उधाणाच्या भरतीत जोराचा पाऊस झाला की पावसाळी गटारांचे पाणी खाडीत उतरत नाही. अशा वेळी पंपाच्या डिलिव्हरी (पाणी बाहेर सोडणाऱ्या) पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी झडप, नसेल, किंवा ती कचऱ्याने उघडी राहिली असेल, तर गटाराचे पाणी उलटे आत येते आणि दोष मात्र भिंतीला दिला जातो.

ऐन मे महिन्यातही ओल असेल तर जमिनीखालची टाकी आणि पाइपलाइन तपासावी. टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणाने) झिरपलेले पाणी आणि नळाचे पाणी मोजून पाहावे. आकडे जवळपास सारखे आले, तर गळती बहुधा टाकीची किंवा पाइपची. खाडीलगतचे भूजल खारट असते, त्यामुळे झिरपा त्याचा असेल तर दोन आकड्यांत मोठा फरक दिसतो. खारट पाणी सळईही गंजवते, म्हणून तिथे दुरुस्ती लांबवू नये.

पाणी भिंतीतूनच येत असेल, तर बहुतेक वेळा ते राफ्ट (तळाचा पायाचा काँक्रीट स्लॅब) आणि भिंतीच्या सांध्यातून, शटरिंगच्या फळ्या बांधून धरणाऱ्या टाय-रॉडच्या भोकांतून किंवा केबल-पाइपांच्या भोवतालून येते. या जागा भर पावसातच रंगाने खुणा करून ठेवाव्यात, कोरड्या दिवसांत त्या सापडत नाहीत. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, २०० ते ३०० मिमी अंतरावर तिरकी भोके अशी पाडावीत की ती भिंतीच्या जाडीच्या मध्यावर सांध्याला छेदतील. त्यांत पॅकर (इंजेक्शनच्या तोट्या) बसवून पॉलियुरेथेनचे इंजेक्शन द्यावे. ते पाण्याशी संयोग होऊनच फुगते, त्यामुळे गळती चालू असताना केलेले काम लगेच तपासता येते.

बंगल्यांच्या तळघरांबाबत एक इशारा. तिथे जमीन बहुधा साध्या पीसीसीची, म्हणजे सळई नसलेल्या काँक्रीटची असते. तुडुंब भरलेले तळघर एका दमात उपसले, तर बाहेरच्या भूजलाच्या दाबाने जमीन उचलली जाते, भिंतही आत झुकू शकते. दिवसाला साधारण एक-तृतीयांश पाणी काढावे आणि पातळीची खूण करावी. रात्रीत पाणी पुन्हा खुणेच्या वर गेले, तर उपसा थांबवून भूजल उतरण्याची वाट पाहावी. पाण्यात पाय घालण्याआधी वीजपुरवठा मुख्य स्विचवरून तोडावा. मीटररूमच पाण्यात असेल तर वीज कंपनीला तो बाहेरून तोडायला सांगावे.

– एक स्थापत्य अभियंता, नेरूळ