शाल नको, किल्ली द्या

महोदय,

संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये जाहीर केलेला १ ऑक्टोबरचा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन यंदाही आमच्या शहरात रीतसर पार पडला. दीपप्रज्वलन, ज्येष्ठांचा सत्कार, ‘आनंदी वार्धक्य’ या विषयावर आमच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान असलेल्या वक्त्यांचे व्याख्यान आणि शेवटी अल्पोपाहार, असा तो कार्यक्रम होता. माझ्या कपाटात अशा समारंभांत मिळालेल्या पाच शाली घडी न मोडता पडून आहेत. आयोजकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु म्हाताऱ्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटण्यासाठी जे लागते, ते सत्कारातून मिळत नाही, एवढेच या पत्रातून मांडायचे आहे.

मी एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होतो. निवृत्तीनंतर आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात जाऊ लागलो, तेव्हा हाताची सवय जाईना म्हणून हजेरीची वही सुरू केली. ‘या वयात हजेरी कसली घेता?’ म्हणून सुरुवातीला थट्टा झाली. पण नियम साधा होता: बाहेरगावी जात असल्याची नोंद नसताना कोणाच्या नावापुढे सलग तीन दिवस फुली पडली, तर चौथ्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जायचे. फोनवर भागवायचे नाही, कारण फोनवर सगळेच ‘बरं चाललंय’ असे सांगतात. (रोज सकाळी येणारी गुलाबाच्या चित्राची ‘शुभ प्रभात’ ही हजेरी धरली जाणार नाही, हेही तेव्हाच ठरले.)

दोन वर्षांपूर्वी एका सभासदांच्या नावापुढे अशा फुल्या पडल्या. आम्ही दोघे तिसऱ्या मजल्यावरील त्यांच्या घरी गेलो, तर गृहस्थ ठणठणीत होते. मात्र कानाच्या यंत्राचा सेल संपला होता आणि नवा आणायला कोणाला सांगावे, हा त्यांचा प्रश्न होता. मुलगा परदेशी, त्याला एवढ्यासाठी काय फोन करायचा. आणि संघात येऊन ‘काय? काय म्हणालात?’ असे दर वाक्याला विचारण्यापेक्षा घरी बसलेले बरे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. बटणाएवढ्या सेलपायी एक माणूस हळूहळू माणसांतून उठत चालला होता. सेल आम्ही त्याच संध्याकाळी आणून दिला. पण त्यांच्यात खरा फरक पडला तो पुढच्या महिन्यात, संघाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे सोपवली तेव्हा. आपण गेलो नाही तर वीस-पंचवीस माणसे बाहेर पायरीवर ताटकळत बसतील, हे कळल्यापासून ते पावणेपाचला, छत्री घेऊन का होईना, दारात हजर असतात. हे काम व्याख्यानाने झाले नसते.

याच वहीने आमची एक चूकही आम्हाला दाखवून दिली. पटावर स्त्रियांची नावे होती, पण त्यांच्यापुढे फुल्याच अधिक. कारण विचारले तेव्हा समजले, की पाच वाजता त्या नातवंडांना शाळेतून आणून दूध देत असतात आणि पुढे रात्रीच्या स्वयंपाकाची तयारी असते. त्यांना निवृत्तीचे वय कोणी लावून दिलेले नाही. मग बुधवारी दुपारी दोन ते चार अशी वेगळी वेळ ठेवली आणि आता त्या दिवशी खोलीत सतरंजी अपुरी पडते. पुरुषांनी आपल्या सोयीने वेळा ठरवायच्या आणि नंतर ‘बायका येत नाहीत’ म्हणायचे, हा प्रकार इतर संघांतही असल्यास तपासून पाहावा.

प्रवासाच्या सवलतीकडेही या दृष्टीने पाहायला हवे. राज्य परिवहन महामंडळाने (एसटीने) ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील ज्येष्ठांना राज्यभर मोफत प्रवास दिला, त्यावर ‘फुकट फिरतात’ अशी टीका होते. आमच्या एक सभासद भगिनी त्यामुळे दर महिन्याला तालुक्याच्या गावी थोरल्या बहिणीकडे दोन दिवस राहून येतात. त्याआधी दोघींची भेट फक्त लग्नकार्यात होत असे. याउलट रेल्वेची सवलत, म्हणजे साठीपुढील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नपुढील स्त्रियांना ५० टक्के, मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने बंद झाली. करोना ओसरला, सवलत काही परत आली नाही.

आमच्या अपेक्षा फार खर्चाच्या नाहीत. केंद्र सरकारच्या ‘विद्यांजली’ उपक्रमात निवृत्त व्यक्तींना शाळांमध्ये स्वेच्छेने काम करण्याची सोय आहे. पण त्याची माहिती आमच्यापैकी बहुतेकांना नव्हती आणि नोंदणी ऑनलाइन असल्याने माहिती होऊनही उपयोग झाला नसता. जवळच्या शाळेने निरोप पाठवला, तर चौथीच्या मुलांचे वाचन घ्यायला आमच्याकडे चार निवृत्त शिक्षक तयार आहेत. दुसरे म्हणजे, आमच्या भागातील विरंगुळा केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे, आणि स्वच्छतागृहाला गेल्या पावसाळ्यापासून कुलूप आहे. मधुमेह असलेला माणूस अशा ठिकाणी तासभर बसू शकत नाही, हे समजायला समिती नेमावी लागू नये. तळमजल्यावरील एक खोली वापराविना पडून असल्याने ती मिळावी, असा अर्ज आम्ही संबंधित कार्यालयात तीनदा दिला आहे. तिन्ही अर्जांच्या पोचपावत्या मी हजेरीच्या वहीतच चिकटवून ठेवल्या आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त लिपिक (वय ७२)