उटीच्या धावणाऱ्या मंडळींचे मनापासून आभार

यंदा मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ न थांबता चढले. त्याचं श्रेय सरावासाठी उटीला गेले तेव्हा तिथे भेटलेल्या मंडळींचं. बहुतेकांची नावंही मला ठाऊक नाहीत.

उटी समुद्रसपाटीपासून साधारण 2,240 मीटरवर. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच, 21 टक्के. पण दाब कमी, म्हणून रक्तात कमी उतरतो. मग मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतात आणि काही आठवड्यांत ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी वाढतात. एवढं वाचूनही कळतं. पण दादरच्या दमट हवेत धावणारीने तिथे सुरुवातीला किती हळू धावायचं, हे सोबतीनेच कळतं. एक दादा रोज माझ्या बाजूने धावायचे. बोलताना माझं वाक्य अर्ध्यात तुटलं, की तळहात खाली करून वेग उतरवायला लावायचे. स्वतःचा सराव बाजूला ठेवून! कोण करतं हो एवढं?

निघण्याआधीच 'फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घे, लोह नसेल तर रक्त वाढणार कशाने' असं बजावणाऱ्या ताई, आणि पावसात भिजलेले बूट चुलीजवळ सुकवून देणाऱ्या मेसमधल्या अक्का, तुमचेही खूप आभार.

तुमच्यापैकी कुणीही मुंबईत आलात, तर पहाटे शिवाजी पार्कला या. जेवायला मात्र आमच्याकडेच यायचं.