आठ जणांची गल्लीफेरी आणि तेवीस जणांची वरात

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

दिनांक : ९ मे २०२५

विषय : टोकियोतील यानाका भागातल्या 'लहान गटाची खाद्य व संस्कृती पदभ्रमंती' या सहलीबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी (सोमवार, २१ एप्रिल २०२५, तीन व्यक्ती, एकूण रक्कम रु. २१,६००)

महोदय,

तुमचं २९ एप्रिलचं उत्तर मिळालं. 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', आणि सोबत पुढच्या सहलीवर दहा टक्के सूट. त्याआधी सहलीतल्या 'शाकाहारी' जेवणाबद्दल फोनवर तुमच्या प्रतिनिधीने मला ऐकवलं होतं, "मॅडम, त्यात मासा नव्हताच, नुसती चव होती." ते वाक्य मी तारीखवार लिहून ठेवलं आहे. पहिलं पत्र मी अर्ध्या पानात आटोपलं होतं. हे लांबेल.

आम्ही तिघं होतो : मी, माझे यजमान आणि माझे वडील. अप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि माळकरी आहेत. विसाव्या वर्षी घातलेली तुळशीची माळ अजून गळ्यात आहे. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात ते रोज सकाळी फिरायला जातात. ती बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली आहे, हे कळल्यापासून त्यांना तो देश एकदा पाहायचा होता. माझं जपानी चौथ्या पातळीच्या परीक्षेपुरतं आहे. पुण्यात हे काही नवलाचं नाही, इथे गल्लीगल्लीत जपानीचे वर्ग आहेत. तरीही आम्ही तुमच्याकडे आलो, कारण पत्रकात तीन गोष्टी ठळक छापल्या होत्या : जास्तीत जास्त आठ जण, संपूर्ण शाकाहारी खाद्यानुभव, आणि मराठी बोलणारा जाणकार वाटाड्या. बुकिंगच्या वेळी मी फॉर्मवर 'वडील माळकरी आहेत, मासे-अंडी काहीही चालत नाही' असं लिहिलं होतं, आणि 'नोंद घेतली आहे' असा तुमचा ईमेल माझ्याकडे आहे.

सकाळी दहाला निप्पोरी स्टेशनच्या पश्चिम दारापाशी पोहोचलो तर तिथे शाळेची सहल निघावी तशी गर्दी. मी मोजली, तेवीस डोकी. वाटाड्या म्हणाला, "काकू, तीन बॅच एकत्र केल्यात, वरून आलंय." कमरेला छोटा लाउडस्पीकर, हातात पिवळा झेंडा. मुलगा भला होता, पण तिथला नव्हता. शिकायला म्हणून टोकियोत आलेला, राहायला दुसऱ्या टोकाला, आणि यानाकात त्या दिवशी दुसऱ्यांदाच आला होता. हे त्यानेच सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, आठ काय नि तेवीस काय, रस्ता तोच. म्हणून जरा सविस्तर सांगते. यानाका, नेझू आणि सेंदागी या तीन मोहल्ल्यांना मिळून यानेसेन म्हणतात. १९८४ मध्ये तिथल्या बायकांनी सुरू केलेल्या एका स्थानिक मासिकामुळे हे नाव रुळलं. १९२३चा भूकंप आणि १९४५चे बॉम्बहल्ले, या दोन्हींतून यानाकाचा बराच भाग वाचला. त्यामुळे टोकियोत अन्यत्र दिसत नाहीत अशा लाकडी घरांच्या अरुंद बोळ्या आणि सत्तरच्या आसपास देवळं तिथे अजून आहेत. बोळ एवढेसे की दोन छत्र्या एकमेकींना अडतील. घरांच्या दाराशी ओळीने कुंड्या, त्यांना पाणी घालणारी म्हातारी माणसं. त्यात आमची वरात. कान्नोन-जी देवळाच्या जुन्या मातीच्या भिंतीपाशी एक आजोबा झारी घेऊन उभे होते. आम्हाला जायला वाट हवी म्हणून ते आत गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही पुढे गेल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर कुंड्या अर्ध्याच भिजलेल्या. आठ जण असते तर ते आजोबा आमच्याशी दोन शब्द बोलले असते की नाही, मला माहीत नाही. पण झारी खाली ठेवायची वेळ त्यांच्यावर आली नसती.

सोमवारचं काय ते सांगते. यानाका गिन्झा हा जेमतेम १७० मीटरचा बाजाररस्ता, आणि तुमच्या पत्रकातला निम्मा खाद्यानुभव तिथेच होणार होता. पण आम्ही पाहिलं ते एकामागोमाग एक खाली ओढलेलं शटर. आठवड्याची सुट्टी काही दुकानं सोमवारी घेतात, काही मंगळवारी-बुधवारी. असाकुरा शिल्पसंग्रहालय तर सोमवारी आणि गुरुवारी बंदच असतं. ते दाराबाहेर टांगलेलं आहे, संकेतस्थळावरही आहे. शिल्पकार असाकुरा फुमिओ यांनी स्वतः बांधलेलं हे घर आणि कार्यशाळा, त्यांची मांजरांची शिल्पं, गच्चीवरची बाग, हे सगळं तुमच्या पत्रकात 'प्रवेश समाविष्ट' म्हणून छापलेलं आहे. आम्ही तेवीस जणांनी बंद दाराचा फोटो काढला. सोमवारी ही फेरी विकायची कल्पना कुणाची, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

पत्रकाच्या मुखपृष्ठावर युयाके दानदान पायऱ्यांवरून दिसणारा केशरी सूर्यास्त आहे. 'युयाके' म्हणजेच सांजेची लाली. सकाळी सव्वादहाला तिथे सूर्य पाठीशी होता आणि समोर एक माल उतरवणारा ट्रक. यावर रागावण्यापेक्षा आम्हाला हसूच आलं. तेवढा एक आनंद तुमच्याकडून मिळाला, असं म्हणते.

हसू टिकलं नाही ते स्मशानात. यानाका स्मशानभूमी सुमारे दहा हेक्टरची आहे, सात हजारांच्या आसपास कबरी आहेत. तिथे लोक पूर्वजांना भेटायला येतात, कबर धुतात, फुलं ठेवतात, उदबत्ती लावतात. एक कुटुंब तसंच उभं होतं, लहान मुलीच्या हातात लाकडी पळी. त्यांच्यापासून दहा पावलांवर आमचा लाउडस्पीकर सुरू झाला, की इथे जपानच्या शेवटच्या राजाची कबर आहे. तोकुगावा योशिनोबू हे त्यांच्या घराण्यातले पंधरावे आणि शेवटचे शोगुन, म्हणजे सम्राटाच्या नावाने कारभार पाहणारे लष्करी सत्ताधारी, राजे नव्हेत. जपानला सम्राट आजही आहे. चूक दुरुस्त करणं बाजूला राहू दे, आधी तो स्पीकर बंद करा, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, मागच्यांना ऐकू येत नाही." बरोबरच होतं त्याचं. तेवीस जणांना ऐकू जावं तर ओरडायलाच लागतं. त्या मुलीची आई आमच्याकडे पाहून वाकली, जणू तिचंच काही चुकलं होतं. मला आजही ते आठवलं की लाज वाटते.

आता जेवण. या पत्राचं खरं कारण ते आहे.

वाटाड्याने आम्हाला एका छोट्या सोबाघरात नेलं. दुकान सहा टेबलांचं, चालवणारे नवरा-बायको साठी ओलांडलेले. तेवीस जणांसाठी त्यांनी दोन पाळ्या लावल्या. आमच्या 'शाकाहारी' टेबलावर थंड सोबा आला : बांबूच्या जाळीवर कुट्टूच्या पिठाच्या शेवया आणि शेजारी वाटीत काळसर सार. मी विचारलं, यात काय आहे? वाटाड्या म्हणाला, "फक्त सोया सॉस आणि पाणी, काकू. आजोबांना बिनधास्त द्या." अप्पांना कुट्टू ऐकून बरं वाटलं. शेवया सारात बुडवून त्यांनी अगदी आवडीने खाल्ल्या. मग त्या बाईंनी शेवया उकळलेलं गरम पाणी, सोबायू, आणलं. उरलेल्या सारात ते ओतून पितात, अशी रीत. अन्नाचा थेंब वाया घालवायचा नाही हा त्यांचाही नियम, म्हणून अप्पांनी वाटी निपटून प्यायली.

मी त्या बाईंना मोडक्या जपानीत म्हटलं, फार छान झालंय. त्या खुलल्या. आमची दाशी, म्हणजे साराचा मूळ अर्क, रोज सकाळी आम्हीच काढतो, म्हणाल्या. मी विचारलं, कसली? "कात्सुओ," त्या अभिमानाने म्हणाल्या, "आणि थोडा साबा."

कात्सुओ म्हणजे बोनिटो मासा. तो उकडून, धुरावर वाळवून लाकडासारखा कडक करतात, किसतात आणि त्याचा अर्क काढतात. साबा म्हणजे बांगडा. आपल्याकडे फोडणीशिवाय आमटी नाही, तसं तिथे दाशीशिवाय सार नाही. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, सोब्याचं सार, सगळ्याचा पाया बहुतेकदा तोच. जपानात कुणाला शाकाहारी जेवण विकायचं असेल तर हे पहिलं अक्षर आहे. तुमच्या प्रतिनिधीला ते ठाऊक नसेल तर त्याने शाकाहारी हा शब्द विकू नये, आणि ठाऊक असेल तर मग काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. मासा दिसत नव्हता म्हणून तो नव्हता, हे गणित अप्पांना चालत नाही.

मी त्या बाईंना अप्पांच्या माळेबद्दल सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "माएमोत्ते इत्ते कुरेरेबा", म्हणजे आधी सांगितलं असतं तर. आदल्या दिवशी एक फोन पुरला असता. त्यांनी कोम्बू, म्हणजे समुद्रातली वनस्पती, आणि वाळवलेल्या शिताके अळंबीची दाशी काढून ठेवली असती. देवळांमधलं शाकाहारी जेवण तसंच होतं. म्हणजे सत्तर देवळांच्या त्या गावात माळकऱ्याला जेवू घालणं अशक्य नव्हतं. ज्या ओळीवर तुम्ही 'नोंद घेतली' असा शिक्का मारलात, ती ओळ त्या दुकानापर्यंत पोहोचलीच नाही. त्या बाईंनी आमच्या तिघांचे पैसे परत करू पाहिले. मी घेतले नाहीत, चूक त्यांची नव्हती.

अप्पांनी एक शब्द काढला नाही. मला ओरडले असते तर बरं झालं असतं, कारण भाषा थोडीफार येत असून मी आधी विचारायला हवं होतं, नंतर नव्हे. एकादशी गुरुवारी होती. त्यांनी मंगळवारीच उपास धरला आणि बुधवारीही सोडला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस परदेशात दोन दिवस पाण्यावर. त्यानंतर परत येईपर्यंत ते केळी आणि आम्ही घरून नेलेले दशमी-चटणी एवढंच खात होते.

नेझू देवस्थान राहूनच गेलं. १७०६ सालचं देऊळ, तोरी म्हणतात त्या लाल कमानींची रांग, एप्रिलमध्ये फुललेली अझेलियाची टेकडी. पत्रकात तो शेवटचा टप्पा होता. तेवीस जणांचं जेवण दोन पाळ्यांत झाल्यामुळे वेळ संपला आणि आम्हाला सेंदागी स्टेशनवर सोडण्यात आलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आमचे गेलो. अप्पा उपाशी होते, तरी फुलांपाशी बराच वेळ बसले.

माझ्या मागण्या अशा. तिघांची पूर्ण रक्कम रु. २१,६०० परत करावी. कूपन नको. अप्पांच्या माळेवर दहा टक्के सूट बसत नाही. दुसरं, माशाच्या दाशीबाबत जेवणाच्या प्रत्येक ठिकाणी आधी लेखी खात्री केल्याशिवाय पत्रकात 'शाकाहारी' हा शब्द छापू नये. तिसरं, ही फेरी सोमवारी विकणं बंद करावं, आणि आठ म्हटलं तर आठच. गट जोडायचे असतील तर आधी कळवून पैसे परत घेण्याचा पर्याय द्यावा. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. माझ्या रकमेला तिथे दाखल शुल्क लागत नाही, हे मी पाहून ठेवलं आहे. पत्रक, तुमचा 'नोंद घेतली'चा ईमेल, पावती आणि तेवीस जणांचा फोटो (इतरांचे चेहरे झाकून) सोबत जोडला आहे.

आपली,
(सही)
सिंहगड रस्ता, पुणे

ता. क. अप्पांनी आवर्जून लिहायला सांगितलंय की त्या वाटाड्या मुलाला कामावरून काढू नका. त्याला सोब्यात काय असतं ते कुणी सांगितलंच नव्हतं. निघताना तो अप्पांच्या पाया पडला होता.