मुंढा वर घ्यायला शिकवलंत, काकू

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगलीला सुखरूप पोचल्याचं तुमच्या लेकीकडून कळलं. इथे लीड्सला तुमच्यासमोर अर्धवट राहिलेला तो ब्लाउज अखेर पुरा झाला. गेल्या रविवारी दिवसभर घालून वावरले. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तो कुणामुळे जमला हे शिवणाऱ्या बाकीच्या बायकांनाही कळायला हवं.

मला हवा होता १८९५च्या सुमाराचा ब्लाउज. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीची शेवटची वर्षं. बायका सायकली चालवू लागल्या होत्या, कचेऱ्यांत टाइपरायटरवर बसू लागल्या होत्या, आणि स्कर्टवर घालायला सुटसुटीत, घरी धुता येईल असा सुती ब्लाउज त्यांना हवा होता. गळ्याशी उंच कॉलर, पुढे चुण्या, कमरेला नाडी. बाही खांद्याशी भलीमोठी फुगलेली आणि कोपराखाली मनगटापर्यंत घट्ट. या बाहीला इंग्रजीत मटणाच्या तंगडीचं नाव आहे हे ऐकून तुम्ही किती हसला होतात!

तीनदा मांजरपाटावर शिवून पाहिला होता. हात वर केला की अख्खा ब्लाउज नाडीतून सुटून वर यायचा. हात अडकतोय म्हणून मी दरवेळी मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, आणखी खोल कापत गेले. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात, माझ्या काखेत दोन बोटं घालून पाहिलीत आणि म्हणालात, "अगं, उलटं करतेयस. मुंढा वर घे."

मग कापलेल्या जागी तुकडा जोडलात, खडूने पाऊण इंच वर नवी रेघ मारलीत, बाही कच्च्या दोऱ्याने टाचलीत. "आता फळीवरचा डबा काढ." मी डबा काढला आणि नाडी जागची हलली नाही.

मुंढा खोल असला की बाही बरगडीपाशी सुरू होते आणि हाताबरोबर ब्लाउजचं सगळं अंग ओढते. तो काखेलगत असला की हात एकटाच उचलला जातो. त्या काळचे असे लहान मुंढे मी संग्रहालयात काचेआड पाहिले होते, पण त्या बायकाच बारीक असतील असं समजून पुढे गेले. चाळीस वर्षं नऊवारी-पाचवारीवरचे ब्लाउज बेतणाऱ्या तुमच्या हाताला ते न बघताच ठाऊक होतं.

बाहीत ताठपणासाठी घातलेलं बुकरमही तुम्हीच काढायला लावलंत. त्याने खांदा खोक्यासारखा दिसत होता. त्याऐवजी आतून ऑर्गंडीच्या पातळ, ताठ कापडाची चुणीदार पट्टी लावली आणि धावदोऱ्याच्या दोन ओळी ओढून सगळ्या चुण्या माथ्यावर घेतल्या, काखेकडे एकही नाही. आता बाही फुगलेलीच राहते, पण अंगाला हलकी लागते.

कॉलर डावीकडे किंचित उंच झालीय. ती तुम्ही याल तेव्हा बघू.

तुमच्या खडूची रेघ असलेला तो मांजरपाट मी धुतलेला नाही. त्यावरून कागदावर बेत उतरवलाय. एक प्रत लेकीबरोबर पाठवतेय, तुमच्या मशीनच्या खणात ठेवा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची शेजारीण