विश्वस्तांना विचारायचं, पण ऐकायचं का?

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. मंडळाच्या घटनेचा मसुदा शेवटी तुझ्याच गळ्यात पडला तर! खजिनदार नेमताना विश्वस्त 'शॅल बी कन्सल्टेड' असं तू लिहिलंस, आणि आता विचारतोस, ते नको म्हणाले तर काय? शब्दकोशात शोधू नकोस. तिथे 'सल्ला घेणे' एवढंच सापडेल, आणि तुझं भांडण तसंच राहील.

या क्रियापदाने आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही घाम फोडलाय. राज्यघटनेच्या कलम ३२० मध्ये शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोग 'शॅल बी कन्सल्टेड' असं आहे. १९५७ साली मनबोधन लाल खटल्यात न्यायालय म्हणालं, आयोगाला विचारलं नाही म्हणून सरकारची कारवाई रद्द होत नाही. म्हणजे ऐकणं सोडच, विचारणंही सक्तीचं नाही!

आता कलम १२४ बघ. न्यायाधीश नेमताना सरन्यायाधीश 'शॅल ऑलवेज बी कन्सल्टेड'. शब्द जवळजवळ तेच. इथे संमतीच आवश्यक करा, अशी सूचना संविधान सभेत आली होती. बाबासाहेबांनी २४ मे १९४९ ला ती मानली नाही. सरन्यायाधीशही आपल्यासारखाच माणूस, त्याच्या हाती नकाराधिकार देणं धोक्याचं, असं त्यांचं म्हणणं. १९८१ मध्ये न्यायालयानेही 'सल्ला म्हणजे संमती नव्हे' हेच धरलं. आणि १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते उलटवलं: अंतिम शब्द सरन्यायाधीशांचा, तोही ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलून. ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नवे न्यायाधीश सुचवायचे, ही आजची कॉलेजियम पद्धत त्यातूनच आली. ती बदलायला संसदेने घटनादुरुस्ती केली, पण २०१५ मध्ये तीही रद्द झाली.

न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य जपायला हवं, हा १९९३ चा हेतू मला पटतो. पण क्रियापदाला एवढं ताणलेलं पटत नाही. मला त्यातल्या त्यात न्यायाधीशांच्या बदलीबाबतच्या १९७७ च्या निकालातली न्या. यशवंत चंद्रचूडांची भूमिका आवडते: संमती नको, पण सगळी कागदपत्रं समोर ठेवून, मन मोकळं ठेवून विचारा. नुसतं 'विचारलं होतं बरं का' चालणार नाही.

तेव्हा तुझं ते वाक्य खोड. विश्वस्तांना नकाराचा अधिकार द्यायचा असेल तर 'लेखी संमतीशिवाय नेमणूक होणार नाही' असं लिही. नसेल, तर किती दिवस आधी कळवायचं, कोणती माहिती द्यायची आणि शेवटचा निर्णय कार्यकारिणीचा, हे तिन्ही लिही. तुमचे विश्वस्त मी ओळखतो. पहिला पर्याय मी तरी निवडणार नाही.

नवा मसुदा पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश